नाना मास्तरांचे सालदार

दोन मास्तर भेटले की पोरांच्या गोष्टी निघतात आणि तिसरा आला की हेडमास्तरांच्या! माझ्याजवळ तर नाना मास्तरांचे इतके किस्से साठलेत, की एक सांगायला तोंड उघडावं तर दुसरा मध्येच घुसतो.

मी मूळचा जळगावकडच्या पिंप्राळ्याचा. पहिली नेमणूक झाली धुळ्याजवळच्या खेड्यात, लोकल बोर्डाच्या शाळेत. नाना तिथले हेडमास्तर आणि मी त्यांचा असिस्टंट. सातवीची फायनल पास झाला की पोरगा मास्तर, तलाठी, कापसाच्या जिनात कारकून, काहीही होऊ शके. पण आमची पोरं सातवीपर्यंत टिकतच नसत! अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, आली की बाप त्यांना सालदारकीला लावी, म्हणजे वर्षभर दुसऱ्याच्या शेतावर राबायला. शाळा तपासणाऱ्या डिपोटी साहेबांनी बजावलं होतं, “पोरं टिकली नाहीत तर सातवी बंद!” नानांची झोपच उडाली. मला म्हणाले, “बापू, शाळा अशी करू, की पोरांचा पाय निघणार नाही.”

आणि खरंच केली हो!

*

क्षेत्रफळ शिकवायचं, तर नानांनी फळा सोडला. कुठून तरी मोजणीची साखळी आणली आणि वर्गाला म्हणाले, “शाळेची जागा मोजा.” पोरांनी चिखल तुडवत जागा मोजली. उत्तर काही केल्या जमेना. दुसऱ्यांदा मोजली. तेव्हा कळलं, की पाटलांचा उकिरडा चांगला चार हात आमच्या आवारात घुसलाय!

पाटील तावातावाने आले. नानांनी साखळी त्यांच्याच हातात दिली. “पाटील, पोरांचं गणित तपासून द्या.” पाटलांनी वाकून मोजलं, घाम पुसला आणि संध्याकाळपर्यंत उकिरडा हलवला. जाताना मात्र म्हणाले, “मास्तर, पुढला धडा नदीकडे ल्या!”

*

नोकरी मागायला गेल्यावर आमची पोरं साहेबासमोर थिजत. म्हणून नाना शनिवारी ‘साहेब-साहेब’ खेळ घेत. एका पोराने नानांचा कोट चढवून खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी अर्जदार व्हायचं. कोट अंगात गेला की कुठलंही पोर डाफरायला लागे!

एकदा दामू साहेब झाला. नाना वर्गात जरा उशिरा आले. दामूने विचारलं, “उशीर का झाला?” नाना हात बांधून म्हणाले, “चूक झाली, साहेब.”

“बाहेर उभे राहा!”

नाना निमूट मागच्या दाराबाहेर गेले. नेमके त्याच वेळी डिपोटी साहेब पुढच्या दारातून आत!

“हेडमास्तर कुठायत?”

“साहेबांनी बाहेर उभं केलंय,” वर्ग एका सुरात ओरडला.

“कोणत्या साहेबांनी?”

दामूने कोट सावरला आणि म्हणाला, “बसा. अर्ज आणलाय का?”

दामूला खाली ओढायला मी पुढे धावलो. पण डिपोटी साहेब खरंच बसले! दामूने त्यांना उलटसुलट विचारून पार घामाघूम केलं. जाताना साहेब नानांना एवढंच म्हणाले, “सातवीला अजून एक वर्ष देतो.”

*

धुळ्याला जिन दाखवायला पोरांना बैलगाडीने नेलं. सरकीतून रुई सुटताना पाहून सगळे वेडे झाले! मॅनेजरने विचारलं, “इथे काम करायला कोणाला आवडेल?” सगळ्यांचे हात वर. नानांनी मागे वळून पाहिलं, तर माझाही!

“राहा बापू,” नाना म्हणाले, “पोरांना मी घरी नेतो.”

*

आता सुकदेवचं सांगतो. पोरगा हुशार, पण तोंडातून शब्द फुटेना. नानांनी त्याला बाजाराच्या दिवशी पारावर उभं केलं आणि वर्तमानपत्रातले कापसाचे भाव वाचायला लावलं. सुकदेव पुटपुटला. खालून एक म्हातारा खेकसला, “पोऱ्या, जोरमा बोल! भाव चढना का पडना?”

“चढना!” सुकदेव असा गरजला, की बैल बिथरले. त्यानंतर बाजारकरी त्याची वाट पाहत थांबू लागले. मला त्या पोराचा फार अभिमान वाटे.

आणि आखाजीच्या आधी त्याचा बाप भिका आला. “मास्तर, सुकदेवले पाटीलकडे साल धराले लावनं शे. घरमा दाना नही.”

आमच्या गावची रीत अशी, की मालकाने एखाद्याला चार लोकांदेखत टोपी घातली आणि हातात नारळ दिला, की तो सालदार वर्षभर त्याचाच. दुसऱ्याने त्याला बोलवायचं नाही. आखाजीला सकाळीच नाना पारावर हजर! पाटील पोचायच्या आत त्यांनी सुकदेवच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि हातात नारळ दिला.

पाटील भडकले. “मास्तर, तुम्हले ना शेत ना बैल! सालदार कसाले?”

“काम मी सांगीन. सालाचे दाणे माझ्या घरून जातील. रीत मोडता का, पाटील?”

पाटील आपला नारळ घेऊन माघारी फिरले. सुकदेवचं काम ठरलं. सातवीत बसायचं आणि फायनल पास व्हायचं. नानांच्या घरी वर्षभर भाकरी मोजून झाल्या, पण दाण्याचं पोतं भिकाच्या घरी वेळेवर गेलं.

सुकदेव पास झाला आणि त्याच जिनात कारकून म्हणून लागला!

पुढच्या आखाजीला नाना पुन्हा टोपी-नारळ घेऊन पारावर बसले होते. समोरून भिका आला. त्याने सुकदेवच्या धाकट्या बहिणीचा, धुरपाचा हात धरला होता. आमच्या शाळेत तोवर चौथीपुढे एकही मुलगी गेली नव्हती.

“मास्तर,” भिका म्हणाला, “आते हिनं साल ठरावा.”

नानांनी हातातल्या टोपीकडे पाहिलं. मुलीला टोपी घालायची रीत कुठे होती! ते पाटलांकडे पाहू लागले, पाटील माझ्याकडे.

धुरपा पुढे झाली, नानांच्या हातातली टोपी घेतली, स्वतःच डोक्यावर घातली आणि म्हणाली, “मास्तर, मनं काम काय शे?”