मचव्याची ओली पोती

मचवा मी उन्हात वाळत घातला. देविदास सर जालन्याच्या दवाखान्यात होते, मचवा माझ्या भरवशावर होता, आणि मी त्याच्यावरची ओली पोती काढून तो आठ दिवस भर वैशाखात उघडा टाकला... आमच्या आष्टीकडं पेरणीआधी वखर, तिफण, जू, सगळं लाकूड उन्हात काढायची रीत. ओल राहिली की वाळवी आलीच. मला वाटलं, मास्तर माणूस, त्याला लाकडातलं काय कळतं?

सर भूगोल शिकवायचे. एकदा कोकणात गेल्ते, तिथं शिडाची ही जुनी नाव सरपणासाठी फोडायला काढलेली दिसली. हे गृहस्थ ती ट्रकवर घालून घेऊन आले! "सर, मचवा आणला, आता समुद्र कवा आणता?" असं विचारणारा पहिला मीच. सरांनी शाळेच्या पटांगणात टेकूंवर मचवा उभा केला, शिडाला ठिगळं लावली. पोरं वर चढायची, दोऱ्या ओढायची, शीड फुगलं की वारा कुठला ते सांगायची. फळ्यांच्या फटीत ठोकलेली कापसाची वात दाखवून सर म्हणायचे, "बघा, समुद्र अडवतो तो कापूस. तुमच्या रानातला असंल, काय सांगावं..." मग समुद्र कधी न पाहिलेली पोरं घरी जाऊन बापापुढं ऐट मिरवायची.

दवाखान्यात भेटायला गेलो तर धाप लागलेली, तरी पहिला प्रश्न तोच. "बापू, पोती ओली हायेत का? फळी सुकली की आखडते. फटी पडल्या तर पोरांना काय दाखवायचं..."

"बिलकुल ओली, सर. चिंताच न्हाई."

ते माझ्याकडं बघत राहिले, मग डोळे मिटले. मी एसटीतून उतरून थेट पटांगणात पळालो. फटीतून बोट आरपार जात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला... सर गेले.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कोकणातल्या मिस्त्रीला विचारलं, तो म्हणाला, आत पाणी भरा, लाकूड फुगू द्या. लोकांचा समुद्र नावेच्या बाहेर असतो. आष्टीत मी तो हापशावरून घागरी आणून आत भरतो. जेवताना ताटावरून उठतो, फटी चाचपून येतो. एकेक मिटत गेली. डोलकाठीजवळची एक मात्र अजून गळते, आणि शाळा उघडायला चारच दिवस राहिलेत.

काल सरांचा पोचे पडलेला तांब्या घेऊन त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आल्या. "वहिनी, हापसा कोरडा पडून राह्यला, माझी कंबर मोडली," मी सुरू केलं आणि मधेच राहवेना, दवाखान्यातलं खोटंही सांगून टाकलं.

वहिनी मी परत घातलेल्या पोत्यांवर पाणी शिंपडत राहिल्या. "त्यांना तवाच कळलं व्हतं, भाऊजी. तुम्ही गेल्यावर हसले. म्हणले, भर उन्हाळ्यात पाणी वाहणारा बापू कुरकुर केल्याबिगर राहतो का? वाळवला त्यानं मचवा."

"मंग मला बोलले का न्हाईत?"

"म्हणले, आता धास्ती घेतली त्यानं, जन्मभर पाणी घालंल." त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. "कुरकुर चालू ठेवा. तुमचं तोंड बंद झालं की पोती सुकली, एवढं मलाबी कळतं."