तेलुगू येतं की!

माणसानं चुका कराव्यात, चुकांनीच माणूस मोठा होतो, असं परवा आमच्या वाचनालयात एक पाहुणे दीड तास सांगत होते. टाळ्या पडल्या. मी नाही वाजवल्या. त्या गृहस्थांनी जन्मात सदरा उलटा घालण्यापलीकडे काही चूक केली असेल, असं तोंडावरून वाटेना. मी केली आहे. चांगली हंडाभर केली आहे.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मी अठरा वर्षांची. मोहोळकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरची. नवरा गिरणीत. भोंगा झाला की तो जायचा आणि मी दिवसभर खोलीत भिंतींशी भांडायची. त्यात पलीकडच्या गल्लीत एका तेलुगू विणकराच्या घरी सूत गुंडाळायला बाई हवी आहे असं कळलं. गेले. घरची कारभारीण म्हणजे अम्मा. चाळीस वर्षं रेशीम रंगवून तिची नखं कायमची जांभळी झालेली. तिनं मोडक्या मराठीत विचारलं, "तेलुगू येतं?"

आता, 'न्हाय' म्हणायचं नाही हा आमच्या घराण्याचा रोग. माझा बाप वाट चुकला तर मेंढरांसकट तीन गावं पुढं जाईल, पण कुणाला रस्ता विचारणार नाही. मीही ठणकावून सांगितलं, "येतं की! लई चांगलं येतं."

येत होते शब्द दोन. 'अम्मा' आणि 'रा'. त्यातल्या 'रा'चा अर्थ ये की जा, हेही नक्की ठरलं नव्हतं.

चार दिवस मान डोलवून काढले. पाचव्या दिवशी अम्मानं मला रंगाच्या कामाला बोलावलं. तिच्या लेकीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि तिच्या लुगड्याचं रेशीम रंगवायचं होतं. विणकराची लेक बाजारातलं लुगडं नेसून बोहल्यावर चढली तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही. रेशीम पार म्हैसूरकडून आलेलं, एका लुगड्यापुरतंच. पुन्हा मागवायला वेळ नव्हता.

चुलीवर हंड्यात लाल रंग उकळत होता. अम्मा दोन्ही हातांत काठी धरून त्यात रेशमाच्या लडी फिरवत होती. लाल जरा गडद व्हावा म्हणून तिनं वेगळ्या भांड्यात काळा रंग कालवून माझ्या हातात दिला आणि ओतायची खूण केली. मी धार धरली.

"चालु," अम्मा म्हणाली.

चालू तर चालू. मी ओतत राहिले.

"चालु, चालु!"

बाईला काम पसंत पडलेलं दिसतंय, असं वाटून मला हुरूप आला. धार मोठी केली.

"चालुऽऽ!" अम्मा किंचाळली.

"चालूच हाय की, अम्मा! थांबते कुटं मी?" असं म्हणून मी भांडं उपडं केलं आणि बुडाचा साका बोटानं निपटून टाकला.

किंकाळी ऐकून लेक धावत आली. ती नळावर मराठी शिकलेली, त्यामुळे अस्सल बोलायची. "अगं भवाने, चालु म्हंजे पुरे! पुरे!"

हंड्यातून लडी वर आल्या त्या भाजलेल्या वांग्याच्या रंगाच्या. नवरीच्या अंगावर काळं! सासरच्यांनी मांडवातच नाक मुरडलं असतं, कदाचित मांडवातून उठलेही असते. आणि मी काय केलं? भांडले. चालू म्हणजे चालूच, अख्ख्या मोहोळात कुणालाही विचारा, असं बजावलं. लेक हसावं की रडावं अशा तोंडानं बघत राहिली.

अम्मा चुलीपाशी मटकन बसली. म्हणाली, "तेलुगू येत न्हाई तुला."

'येतं की' दातापर्यंत आलं होतं. पण त्या लडींतून टपटप काळं पाणी गळत होतं. "न्हाय," मी म्हणाले. हा शब्द एवढा जड असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी पदर खोचला आणि दाराकडे निघाले.

"कुटं?" अम्मा खेकसली. "रेशीम गेलं. आता तू पण चालली? बस हितं."

मग मी शिकले. काही कळलं नाही की 'अर्थं कालेदु', म्हणजे 'समजलं नाही', म्हणायचं, असा तिचा हुकूम. दिवसातून शंभरदा म्हणायची आणि शंभरदा शिव्या खायची. शिव्या मात्र सगळ्यात आधी पाठ झाल्या. अम्माच्या थोरल्या लेकानं त्याच रेशमाचं लुगडं विणलं, काठाला पिवळाधमक पट्टा टाकून. नवरी म्हणाली, "नेसते मी. रडून रंग उतरणाराय का?"

लग्नाच्या दिवशी मी मांडवात हळदकुंकवाचं तबक घेऊन उभी. नवऱ्या मुलाच्या आईनं नवरीचा पदर चिमटीत धरला आणि सगळ्या बायकांदेखत अम्माला काहीतरी विचारलं. शेजारच्या बाईनं मला मराठीत सांगितलं, हा असला रंग कुणी केला म्हणतेय.

अम्मा तेलुगूत म्हणाली, "मीच केला. हात चुकला. म्हातारी झाले."

कुणी न सांगता मला कळलेलं हे पहिलं अख्खं तेलुगू वाक्य, आणि नेमकं तेच खोटं! चाळीस वर्षांत जिची एक लडी बिघडली नाही, ती बाई माझ्यापायी चारचौघींत मान खाली घालून उभी. मला तिचा राग आला, माझा त्याहून जास्त आला. तबक तिथंच ठेवून मी पुढं झाले.

"तप्पु नादि," मी म्हणाले. "अम्मदि कादु." चूक माझी आहे, अम्माची नव्हे.

नवऱ्या मुलाच्या आईनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अम्माला भराभरा काहीतरी सुनावलं. अम्मानं उलट दोनच शब्द टाकले. त्या बाईनं सुस्कारा सोडला, पदर सोडला आणि नवरीच्या कपाळाला कुंकू लावलं. लग्न पुढं सुरू झालं. अम्मानं मला कोपऱ्यात ओढून दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

"काय म्हणत होती ती?" मी विचारलं.

"असली बाई घरात ठेवली कशाला, म्हणाली."

"मग तुमी काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" अम्मा कपाळाला हात लावून म्हणाली. "आमचं हाय म्हटलं. शिकतंय."

मी भर मांडवात भोकाड पसरलं. नवरीसुद्धा एवढी रडली नाही.