टेम्पोपुढे कोण उभं होतं

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आमच्या नात्यातल्या पोरांना ती तोंडपाठ आहे. आणि तरी — ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

कोड्यात बोलतोय का? जरा थांबा. येतो मुद्द्यावर. मुद्द्याला वळसा घालण्याची सवय जुनी आहे, तेव्हा सरळ यायला थोडा वेळ लागणार.

आमच्या चिखलीच्या सोसायटीत मला ‘चेकवाले काका’ म्हणतात. कुणाला जुना कॅमेरा, आईचा तंबोरा, आजोबांचं मनगटी घड्याळ ऑनलाइन विकायचं असलं की आधी माझ्याकडे येतात. मग मी चष्मा पुसतो — चष्मा स्वच्छच असतो — आणि सांगतो. खात्यात चेक भरल्याचा मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. चेक वटला असं बँक स्वतः सांगेपर्यंत वस्तू उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक देऊन ‘वरचे तेवढे परत पाठवा’ म्हणणारा गिऱ्हाईक नसतो, चोर असतो. आणि ज्याला फार घाई आहे त्याला चहासुद्धा विचारू नये.

सगळं खरं आहे. शब्द न् शब्द खरा आहे. फक्त तो माझा नाही.

नंदा माझी बायको. निघोजेची. तिचे वडील अण्णा, शेतकरी माणूस, पण गावच्या भजनात पेटी त्यांची. पेटी म्हणजे हार्मोनियम — आणि साधीसुधी नव्हे, आतले सूर, म्हणजे पितळी स्वरपट्ट्या, पॅरिसहून आलेल्या. एका साली कांद्यानं हात दिला, तेव्हा अण्णांनी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून ती विकत घेतली. त्या कांद्यांच्या पैशात म्हैस येणार होती. सासूबाईंनी ती म्हैस शेवटपर्यंत विसरू दिली नाही. अण्णा गेल्यावर भावांनी जमिनीचं काय ते पाहिलं. नंदानं एवढी पेटीच मागितली.

आमच्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाला आणि फीचा आकडा समोर आला, तेव्हा पेटी विकायचं नंदानंच काढलं. “पोरीच्या शिक्षणाला अण्णा नाही म्हणाले नसते,” म्हणाली. तिची अट एकच होती. पेटी वाजवणाऱ्याच्याच घरी गेली पाहिजे. शोकेसमध्ये ठेवणाऱ्याकडे नाही.

मी फोटो काढले, किंमत सत्तर हजार लिहिली आणि टाकली ऑनलाइन. फोन आला तो एका साहेबांचा. सांगवीला राहतो म्हणाले, मोठ्या कंपनीत आहे म्हणाले, मुलीला गाण्याच्या क्लाससाठी हवी म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी घरी आले. कडक इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. नंदानं पेटीचं झाकण उघडून, भाता मोकळा करून त्यांच्यापुढे ठेवली. साहेबांनी पेटीकडे पाहिलं, “पॉलिश छान आहे,” म्हणाले आणि मोबाइल बघू लागले. एका पट्टीवर बोट ठेवलं नाही.

नंदानं विचारलं, “मुलगी कुठल्या स्वरात गाते? काळी दोन, पांढरी चार?”

“सगळ्याच स्वरांत गाते ती,” साहेब म्हणाले.

मी भारावून गेलो. काय गुणी पोर असेल! नंदा कप उचलून आत गेली. षड्ज ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे ठरलेला असतो, एकच माणूस सगळीकडून गात नाही — हे मला आज माहीत आहे. पण साधी गोष्ट तर तेव्हाही दिसायला हवी होती ना? पेटी घ्यायला आलेला माणूस पेटीतून एक सूर काढत नाही, सत्तर हजारांत एक रुपया कमी करा म्हणत नाही — हे कुठलं गिऱ्हाईक?

आणि मी कोण? चाकणच्या कंपनीत वीस वर्षं बाहेरून येणारा माल तपासणारा माणूस. माझ्या सहीशिवाय गेटातून बोल्टचा खोका आत येत नाही. तेवढ्यावर घरीसुद्धा मी अधिकारानं भाजी निवडतो.

शुक्रवारी दुपारी बँकेचा मेसेज आला. मी आदल्या दिवशी दिलेल्या खाते क्रमांकावर साहेबांनी चेक भरला होता — नव्वद हजारांचा. मागोमाग साहेबांचा फोन. ऑफिसच्या माणसानं रक्कम चुकीची लिहिली, हरकत नाही, उद्या सकाळी टेम्पो पाठवतो, पेटी द्या आणि वरचे वीस हजार मोबाइलवरून मला पाठवून द्या. मेसेजात आकड्याच्या पुढं इंग्रजीत आणखी एक ओळ होती. चेक वटल्यावरच रक्कम मिळेल, अशा अर्थाची. मी आकड्यापाशीच थांबलो. किती भरघोस आकडा होता तो.

नंदा म्हणाली, “बँकेत जाऊन विचारून या ना एकदा. उद्या चौथा शनिवार, बँक बंद.”

मी म्हणालो, “मला शिकवू नको. माझं आयुष्य तपासण्यात गेलंय.”

हे वाक्य मी आत्ता दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. असो.

आता शनिवार. माझी जी प्रसिद्ध गोष्ट आहे, तिच्यात शनिवार असा आहे — टेम्पो येतो. भोळी नंदा पेटी घेऊन निघते. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. मी तीन मजले धावत उतरतो, टेम्पोपुढे आडवा उभा राहतो आणि त्या भामट्याला फोनवर असा काही झाडतो की यंव. इथं ऐकणारे हसतात. नंदाकडे बघून हसतात. मी त्यासाठी एक जागाच ठेवली आहे गोष्टीत. “ही तर पेटीला हळदकुंकू लावून पाठवायला निघाली होती हो,” असं म्हणून मी थांबतो. हशा पिकतो. नंदा तेव्हा बहुतेक चहा देत असते.

कळलं ना तुम्हाला? बहुतेक कळलंच असेल. पण मला ते सांगायलाच हवं.

पेटी मी उतरवली. नंदा स्वयंपाकघरात कणीक मळत होती, तेवढ्यात — तिला न सांगता. लिफ्ट बंद होती म्हणून छातीशी धरून तीन मजले उतरवली. टेम्पोच्या फाळक्यावर ठेवली. टेम्पोवाला भोसरीचा, भाड्यानं ठरवलेला, त्याला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो दोरी बांधत होता. मी मोबाइल काढून वीस हजार टाकायला सुरुवात केली होती. खात्यात तेवढेच होते, पोरीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले.

आणि नंदा आली. अनवाणी, कणकेचे हात तसेच. टेम्पोपुढे उभी राहिली नाही ती — सरळ फाळक्याशी आली आणि दोन्ही हात पेटीवर ठेवले. 

“आज अण्णांची तिथी हाय,” म्हणाली. “बापाच्या तिथीला बापाची वस्तू घराबाहेर न्हाई जायची.”

नंदा एरवी आमच्यासारखंच बोलते. चिडली की निघोजेची होते.

मला सासऱ्यांची तिथी माहीत नव्हती! कुठल्या जावयाला असते? जेवायला बोलावतात तेव्हा जातो आपण. आता चार लोकांत ‘आज आहे की नाही’ असं विचारायचं कसं? मी मान खाली घालून तिथी आठवत असल्याचं नाटक केलं. टेम्पोवाल्यानं मात्र दोरी सोडली. “व्हय वैनी, बरोबर हाय. मी बी न्हाई नेणार. बापाचा विषय हाय.”

मी साहेबांना स्पीकरवर फोन लावला. ते आधी गोड बोलले, मग चढले. पैसे दिलेत, माल दिला नाहीत तर पोलिसात जाईन म्हणाले. मी ‘हो साहेब, हो साहेब’ करू लागलो. नंदानं कणकेच्या हातानंच माझा मोबाइल घेतला.

“या की. चौकी सापडली नाही तर मी येते दाखवायला.”

साहेब म्हणाले, बरं, पेटी राहू द्या, निदान वरचे वीस हजार तरी लगेच पाठवा.

“सोमवारी चेक वटला की तुमचे वीस हजार घरपोच आणून देते,” नंदा म्हणाली. “पेटीपण आणते. मुलीचं गाणं ऐकूनच जाईन. पत्ता सांगा.”

फोन बंद झाला. तो नंबर नंतर कधीच लागला नाही.

काय सांगू तुम्हाला — मी कंपनीत मोठमोठे साहेब ओरडताना पाहिलेत. पण असा निकाल मी पाहिला नाही. आवाज चढवला नाही, शिवी नाही, काही नाही. टेम्पोवाल्याला तिनं भाडं दिलं, वर चहा दिला. मग माझ्याकडे वळली. “वर न्या,” म्हणाली. मी पेटी तीन मजले वर नेली. झाकणावर तिच्या बोटांचे कणकेचे ठसे होते. ते मी पुसले.

सोमवारी चेक न वटता परत आला. चेकबुक कुणाचं तरी चोरलेलं होतं. बँकेतली मॅडम म्हणाली, “वाचलात हो. पेटी गेली असती आणि वीस हजारही. लोकांच्या लक्षात येत नाही, तुमच्या आलं.”

तिथं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी काय म्हणालो? “मला आधीच वास आला होता.”

एवढंसं वाक्य. पण त्याला पाय फुटले. संध्याकाळी नंदाचा भाऊ बाळू आला, त्यालाही मी तेच ऐकवलं. तो म्हणाला, “दाजी, मानलं राव तुम्हाला.” आणि मी मानून घेतलं. एका साखरपुड्यात मी तीन मजले धावलो. एका वास्तुशांतीत टेम्पोपुढे आडवा पडलो. हळदकुंकू कधी आलं ते मात्र आठवत नाही. पण नंदाला भोळी केल्याशिवाय मी हुशार दिसत नव्हतो, हे मला पहिल्याच वेळी कळलं होतं. कळून केलं.

पुढं पौषात एके दिवशी पानात खीर आणि वडे. मी विचारलं, कशाचं? नंदा म्हणाली, “अण्णांची तिथी.”

“पुन्हा?”

“वर्षातून एकदाच असते. जेवा.”

टेम्पो आला होता आषाढात. माझा घास तसाच राहिला. तिनं माझ्याकडे न बघता वाढता वाढता सांगितलं, “तुम्हाला चेकचं सांगून पटलं नसतं. तिथीचं पटलं.” एवढंच. पुन्हा तो विषय नाही. माल तपासणाऱ्या माणसाला कुठला माल तपासता येत नाही, हे तिनं नेमकं ओळखलं होतं.

तेव्हा तरी थांबावं ना मी? पुढच्याच महिन्यात एका बारशात मी गोष्ट पुन्हा सांगितली. बाळूच्या मुलीनं हसत विचारलं, “आत्या, तुला खरंच कळलं नव्हतं?” नंदानं माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग म्हणाली, “नाही गं. मला कुठलं कळतंय.”

मी चहा पीत राहिलो. साखर बरोबर होती.

फी पतपेढीच्या कर्जातून भरली. मुलगी आता नोकरीला लागली. पेटी घरीच आहे. संध्याकाळी सोसायटीतली पाच-सहा पोरं शिकायला येतात, आणि नंदा प्रत्येकाला आधी गायला लावते, मगच त्याची पट्टी सांगते. अण्णांच्या पॅरिसच्या सुरांवर चिखलीची पोरं भूप गातात. जिन्यातून चढताना ऐकू येतं. ही नंदानं जिंकलेली पेटी आहे.

गेल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये माझं भाषण ठेवलं होतं. विषय, ऑनलाइन विक्रीतली फसवणूक. हॉल भरला होता. मी सगळे नियम सांगितले, टेम्पो सांगितला, हळदकुंकवाची जागाही घेतली. नंदा तिसऱ्या रांगेत होती. शेवटी अध्यक्षांनी मला शाल आणि श्रीफळ दिलं. टाळ्या खूप वाजल्या. तिनंही वाजवल्या.

घरी आल्यावर तिनं तो नारळ फोडला, खवला आणि वड्या केल्या. “छान बोललात हो,” म्हणाली. मी चार वड्या खाल्ल्या.

नंदाला यात नव्यानं सांगण्यासारखं काही नाही. तिला सगळं पहिल्यापासून माहीत आहे. माहीत नव्हतं ते तुम्हाला. साखरपुड्यात, बारशात, हॉलमध्ये बसून तिच्याकडे बघून हसलेल्या तुम्हा सगळ्यांना.

त्या शनिवारी टेम्पोत पेटी मी चढवत होतो. अडवली नंदानं.