आठ वाजताची फेरी

त्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यात आधी हसले ती मी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी लोकांवर चिडेन तेव्हा ते मला कोणी ऐकवायला नको.

भाईंदरला आमची इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा जिन्यात पोरांचा नुसता दंगा असायचा. ती पोरं आता ठाण्याला, पुण्याला, परदेशात. मागे आईबाप उरले, आणि बऱ्याच दारांमागे त्यांतलं एकच. अशी सात दारं होती.

या सात दारांची एक रीत आहे. झोपण्यापूर्वी कडीला कापडी पिशवी अडकवायची. पहाटे दूधवाला तीत दूध टाकून जातो. उठलं की पिशवी आत घ्यायची. आठ वाजून गेले आणि पिशवी बाहेरच असली, तर बेल वाजवायची. दार उघडलं नाही, तर आमच्या घरी ठेवलेली जादा किल्ली आणायची. हे सगळं बघायच्या माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे दोन्ही गेलेले. काही वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या एक बाई आत पडून राहिल्या होत्या, आणि दाराच्या पिशवीतलं दूध नासून वास सुटला तेव्हा आम्हाला कळलं. त्यानंतर आईंनी ही फेरी सुरू केली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कमिटीत ठराव झाला नव्हता. आठला निघायचं, सात कड्या बघायच्या, साडेआठला परत येऊन चहा मागायचा.

मग तो कॅमेरा घेऊन आला. आमच्या माजी सेक्रेटरींचा मुलगा, तिशीतला, जाहिरातींत काहीतरी करतो. म्हणाला, "काकू, आपल्या सीनियर्सवर छोटी फिल्म करतोय. थोडी हॉरर, थोडी कॉमेडी. बजेट काही नाही, आपलीच बिल्डिंग, आपलीच माणसं."

म्हाताऱ्यांनी यातलं "आपल्यावर फिल्म" एवढंच ऐकलं. कपाटातल्या साड्या निघाल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त सरांनी कोटाला इस्त्री करून घेतली. आई हिरवी रेशमी साडी नेसल्या, अंबाडा घातला आणि जिना चढल्या. त्याने ते शूट केलं, "आजी, एकदम मस्त" म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा हजर. "आजी, फक्त लाइट टेस्ट करतोय. बदलू नका काही, गाउनच चालेल." आई नुकत्याच उठून तोंड धूत होत्या. केस सुटलेले, दात कपात. मी डबे भरत होते. "पाच मिनिटं जाऊन या ना," असं म्हणाले तीही मीच.

शनिवारी संध्याकाळी सहाला सोसायटीच्या हॉलमध्ये खेळ होता. खुर्च्या, वडे, पांढरी चादर ताणून केलेला पडदा. आसपासच्या इमारतींतलेही लोक आले होते. आई त्याच हिरव्या साडीत पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी आमची मासेवाली मावशी, मुर्ध्याहून येते ती. तिला आईंनीच मुद्दाम बोलावलं होतं.

पडद्यावर अंधार. ट्यूबलाइट लुकलुकते, म्हणजे कोणीतरी बटण चालूबंद करतंय. भुताचा आवाज आमच्याच पाण्याच्या पंपाचा. आणि जिन्यात आई. गाउनमध्ये, सुटलेल्या केसांनी, दातांशिवाय, एकेक पायरी चढताहेत. गुडघा कटकन वाजला. तो आवाज त्याने दहापट मोठा केला होता. मला तो रोजचा आवाज असा भोंग्यासारखा ऐकू आला आणि मी फस्सकन हसले. मागून सगळा हॉल हसला.

गोष्ट अशी होती की ही म्हातारी मेलेली आहे. तरी ती रोज सकाळी फेरी मारते, आणि ज्या पिशवीला हात लावते त्या दारातलं माणूस संध्याकाळपर्यंत जातं. मेलेली सगळी मग सोसायटीच्या मीटिंगला येऊन बसतात आणि पाणी कमी येतं म्हणून भांडतात. सर तोंडाला टाल्कम पावडर फासून "पार्किंगचं काय झालं?" म्हणाले तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. हिरव्या साडीचा एक तुकडाही कुठे नव्हता.

आई मान वळवून मला हळूच म्हणाल्या, "मी मेलेली दाखवलीये का गं?"

"गंमत आहे आई. बघा पुढे."

त्या पुढे बघत राहिल्या. मावशी मात्र मोठ्याने बोलली. तिला हळू बोलता येत नाही. "यात हसाचा काय हाय? मानूस जित्ता हाय का न्हाय ते बगते ती बाय. त्यात हसाचा काय हाय?" मागून कोणीतरी "श्श्श" केलं, आणि तिच्या बोलण्यावरही हशा पिकला.

खेळ संपल्यावर आईंभोवती गर्दी. "आंटीजी तो स्टार बन गईं!" "एक सेल्फी, आजी, तसाच चेहरा करा ना, भुताचा!" आईंनी तसा चेहरा केला नाही, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. दिग्दर्शक घामाघूम होऊन माझ्याकडे आला. "काकू, रिअॅक्शन बघितलीत? लोक पोट धरून हसले!"

"बघितली," मी म्हणाले. तेव्हाच चार शब्द सुनावायला हवे होते. वडे गार होत होते, मी वडे वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी आई आठला निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर गुजराती बा राहतात, आईंच्याच वयाच्या. त्यांनी दार किलकिलं करून हात जोडले. "अरे बेन, हमारी थैली को हाथ मत लगाओ. हमको अभी पोते की शादी देखनी है." आणि स्वतःच खळखळून हसल्या. वरच्या मजल्यावरच्या एकाने आई दिसताच "आली, आली" म्हणत दार लावून घेतलं, आतून हसण्याचा आवाज. चौथ्या दिवशी एका रिकाम्या फ्लॅटच्या कडीला पिशवी लटकत होती, तिच्यावर लाल अक्षरांत "पुढचा नंबर". आईंनी ती काढून घरी आणली आणि टेबलावर ठेवली. मी ती लादी पुसायला घेतली.

पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "आज गुडघा फार दुखतोय." सहाव्या दिवशीही. मी समजले. पण मला नऊला डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचं असतं. नवरा सातलाच निघतो. मी म्हटलं, बरंच झालं, तेवढाच आराम. मला वाटलं होतं, आता ज्याचं तो बघेल. सात दारांचं कोणीही बघत नव्हतं.

पुढच्याच्या पुढच्या बुधवारी सरांची पिशवी कडीलाच राहिली.

सकाळी दहापर्यंत तिसऱ्या मजल्यावरून किती जण गेले ते मला पक्कं माहीत नाही. एकाने फोटो काढला, हे मात्र माहीत आहे. तो सोसायटीच्या ग्रुपवर आला, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग आणि शब्द, "सर पार्ट टूच्या शूटिंगला गेलेले दिसतात." मी तो दवाखान्यात बसून बघितला. एका पेशंटला थेंबांच्या वेळा लिहून देत होते. फोटो बघितला आणि फोन उलटा ठेवला.

साडेबाराला मावशी सरांचे बोंबील घेऊन वर चढली. त्यांना जिना उतरवत नाही म्हणून ती बुधवारी वर नेऊन देते. तिने पिशवी बघितली, दूध हाताला गरम लागलं. बेल वाजवली, दाराला कान लावला आणि सगळी बिल्डिंग हादरेल अशी ओरडली. आई त्या गुडघ्यांनिशी किल्ली घेऊन तीन मजले चढल्या. सर बाथरूमच्या उंबऱ्यावर पडलेले होते. खुबा मोडला होता. पहाटे सहापासून ते तसेच पडून होते.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये मी त्यांना पाणी पाजत होते. ते तक्रार करणारे नाहीत. शाळेत पोरांना गणित शिकवायचे तसं सरळ सांगत होते. "मी हाका मारत होतो. बाहेर लोक थांबलेले कळत होते. हसत होते. त्यांना वाटलं असेल मी डायलॉग म्हणतोय."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही असलं काही मी सांगणार नाही. जेवले. पण घास चावताना दात दुखेपर्यंत चावले.

रविवारी लोकांच्या आग्रहावरून दुसरा खेळ ठेवला होता. तो रद्द होईल असं मला वाटलं होतं. ग्रुपवर निरोप आला, "वेळेत या, खुर्च्या कमी आहेत." मी मावशीला घेऊन गेले. आई आल्या नाहीत. दिग्दर्शक वायर जोडत होता.

"सर कसे आहेत?" मी विचारलं.

"हो, ऐकलं काकू. व्हेरी सॅड. जाणार आहे मी भेटायला."

"चार दिवस झाले."

"काकू, माझा हेतू तसा नव्हता. आणि तुम्ही दुसऱ्या अँगलने बघा ना. एका परीने ही अवेअरनेसच आहे. एकटं राहणाऱ्यांचा प्रश्न लोकांपर्यंत पोचतोय."

"लोकांपर्यंत?" मी हॉलकडे वळले. माझा आवाज काउंटरवरचा आहे, माइक लागत नाही. "फिल्म बघायची ती खुशाल बघा. त्याआधी एवढं सांगा. बुधवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरून कोणकोण गेलं? पिशवी कोणी बघितली? फोटो कोणी काढला? आणि खाली हसणारे चेहरे कोणी टाकले, ते तर सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. सर आत हाका मारत होते."

मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो मॅडम, कशाला मूड घालवताय? झालं ते वाईटच झालं. पण पिक्चरचा काय दोष?"

"पिक्चर दार उघडायला जात नाही," मी म्हणाले. "तुम्ही जाऊ शकला असतात."

"तुम्हीपण तर हसला होता त्या दिवशी," पलीकडच्या विंगमधल्या बाई म्हणाल्या.

"हसले होते. सगळ्यांत आधी. फोटोही बघितला होता. म्हणून तर उभी आहे."

मला वाटलं होतं, लोक उठतील. तीन जण उठले, त्यात मी आणि मावशी. दिवे गेले. आम्ही गेटपाशी पोचलो तेव्हा आतून हसण्याचा आवाज आला. गुडघ्याची जागा असणार.

सरांना त्यांची मुलगी वसईला घेऊन गेली. दारं सहा राहिली. सोमवारी आठला मी निघाले. आई खाटेवरून म्हणाल्या, "तुला नाही जमायचं. तू धडाधड बेल मारशील."

"मग तुम्ही चला."

त्या भिंतीकडे वळल्या.

चार दिवस सगळं ठीक होतं. पाचव्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी बांची पिशवी कडीलाच. मी हात लावला, दूध होतं. बेल दाबली ती सोडलीच नाही. किल्ली आणायला वळणार तेवढ्यात दार उघडलं. बा समोर उभ्या, केस विंचरलेले, कपाळावर टिळा, हातात जपमाळ.

"बा! थैली क्यों नहीं ली?"

"मैं देखती थी," बा म्हणाल्या. "कोई आता है कि नहीं."

मी त्यांना जिन्यातच झापलं. माझे हातपाय गार पडलेत, मला कामाला जायचंय, हा काय खेळ आहे का, जे तोंडाला येईल ते. बांनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवी काढली आणि म्हणाल्या, "उस दिन मैंने मजाक किया तुम्हारी सास को. उसको भेजो. तुम बहुत जोर से बजाती हो."

घरी येऊन मी आईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू तिला ओरडलीस?"

"ओरडले."

"म्हाताऱ्या माणसाला असं ओरडतात होय?" त्या उठून बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून आठची फेरी पुन्हा त्यांची. पण आता त्या गाउनवर दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. जिन्यात जायचं तर पुरती साडी, अंबाडा, दात. गुडघ्यांमुळे त्यांना वाकून निऱ्या नीट करता येत नाहीत, म्हणून डबे भरता भरता सव्वासातला मी त्यांच्या पायाशी बसून निऱ्या सारख्या करते. आणि रोज सकाळी, त्या निऱ्या हातात घेतल्या की, मला नव्याने संताप येतो.