वेग वाढवायला गेलो अन् स्क्रीनच काळी पडली

मंडळी, आज सकाळी माझा जीव अगदी टांगणीला लागला होता.

आमच्या मुखेडला आज आत्याचा निरोप समारंभ होता. तिनं आयुष्यभर अंगणवाडी चालवली. तिच्या जुन्या मुलांनी पाठवलेले व्हिडिओ जोडून मी फिल्म केली होती. शेवटचं रेंडरिंग, म्हणजे सगळे तुकडे मिळून एक फाइल बनवायचं काम, लई हळू चाललं होतं. ते थांबवून मी मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरलो, प्रोसेसर आणि रॅमचा वेग वाढवला अन् सेव्ह केलं. स्क्रीन काळी पडली, ती परत येईचना. फिल्मची दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

लातूरला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शेखभाईंना फोन लावला.

"घाबरू नका. लाइटची वायर काढा, मदरबोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून परत बसवा. सेटिंग पहिल्यासारखी होते."

"अन् फिल्म?"

"ती डिस्कवर हाय. तिला काही होत न्हाई."

तसंच केलं. कॉम्प्युटर चालू झाला, फिल्म जशीच्या तशी होती! रेंडरिंग जुन्याच वेगानं पुन्हा लावलं. त्यापायी कार्यक्रम अर्धा तास लांबला, पण आत्यानं पडद्यावरच्या प्रत्येकाला नावानं ओळखलं, मिशा आलेल्यांनासुद्धा.

घरी येऊन आधी पेनड्राइव्हवर कॉपी घेतली. तुमच्याकडं असं काय आहे, जे फक्त एकाच जागी ठेवलंय?