बतूलखालाची बोटं

बतूलखालाला खोटं बोलायची सवय नव्हती; ती कैरोत आल्यावर लागली. सुदानमधल्या ओमदुरमानात तिने तीस वर्षं नवऱ्या मुलींच्या वेण्या घातल्या. वेणी सैल झाली की आमच्या बायका नाकं मुरडतात. डोळे ताणले जाईपर्यंत ओढली, तर कौतुक. युद्धात घर गेलं आणि ती टकलावर केस लावणाऱ्या डॉक्टर इज्जतच्या दवाखान्यात कामाला लागली.

आमच्या केसांची मुळं कातडीखालीही वळलेली असतात. डोक्यामागून मूळ काढताना सुई सरळ घातली की ते तुटलंच. डॉक्टर एवढा शिकलासवरलेला, पण पहिल्या बाईची अर्धी मुळं त्याने वाया घालवली. मग बतूल बोट टेकवून सांगू लागली, "डावीकडं वळलंय. सुई कलती धर, बाळा." मुळं अख्खी निघू लागली.

येणाऱ्या बायका बहुतेक तिच्याच गावच्या, कानशिलांवर टक्कल पडलेल्या. "खाला, असं का झालं हो?"

"युद्धाचं दुःख गं," ती सांगायची. खरं कारण तिला पक्कं ठाऊक होतं: वेणीची ओढ. पण ते कबूल केलं, तर कोणत्या तोंडाने यांच्यासमोर उभं राहायचं?

एका दुपारी ती आत आली तेव्हा बाई पालथी झोपलेली होती. चादरीबाहेर फक्त डोकं. बतूलने बोट टेकवलं आणि तिच्या बोटांनी ते डोकं ओळखलं. हे इखलासचं; हिच्या लग्नाची वेणी तिनेच घातली होती. आणि इखलास तर घरावर बाँब पडला त्याच दिवशी गेली होती. बतूलने तिच्या नावाने दुआ मागितली होती.

"खाला, पुढचं सांगा ना," डॉक्टर म्हणाला.

बोटं तिच्या हुकमाबाहेर गेली होती. कानशिलावर, जिथे एकही केस उरला नव्हता, तिथे ती नसलेले तीन पदर धरून वेणी घालत होती.

"दुखतंय," उशीतून आवाज आला.

"कसं दुखेल? डोकं सुन्न केलंय," डॉक्टर हसला.

"यांना विचारा. लग्नाच्या दिवशीही मी हेच म्हणत होते. म्हणाल्या, नवरीनं रडू नये."

बतूलने विचारलं, "तू... जिवंत आहेस, पोरी?"

"गेली ती माझी आई. लोकांनी चुकून माझं नाव सांगितलं." ती जरा थांबली. "खाला, केस दुःखानं गेले म्हणतात सगळे. खरंय?"

बतूल म्हणाली, "नाही. माझ्या हातानं गेले."

बतूलने हात काढून घेतला.

"हात काढू नका," इखलास म्हणाली. "मूळ कुठं वळलंय, ते सांगा डॉक्टरांना."