ताईची स्लाइड

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे बरणीतून आमच्याकडे यायचे. ते मेणात बसवायचे, कागदाहून पातळ काप काढायचे, काचेवर घेऊन रंगवायचे आणि ती स्लाइड तपासणीसाठी आमच्या डॉक्टर मॅडमच्या टेबलावर ठेवायची, हे माझं काम. बरणीवरचं नाव वाचायचं, पण त्यामागचं माणूस मनात आणायचं नाही, अशी सवय मी लावून घेतली होती. एका सकाळी बरणीवर माझ्या थोरल्या बहिणीचं नाव आलं.

ताई वणीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायची. दाजींची थोडी द्राक्षबाग होती. मूलबाळ नव्हतं. कित्येक महिने तिचं पोट फुगत होतं, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं व्हायचं. गावात तिला गॅसच्या गोळ्या मिळाल्या. एका शेजारणीने तर पोटाकडे बघून हसत विचारलं, "बाई, काय गोड बातमी हाय का?" ताई घरात जाऊन रडली. दिवाळीला ती आमच्याकडे सातपूरला आली, तेव्हा पोट तेवढं वर आणि दंड काडीसारखे. मीच तिला सोनोग्राफीला नेलं. पोटात पाणी झालं होतं. ऑपरेशनमध्ये कळलं की गाठ अंडाशयात आहे, आणि तिथून ती आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर पसरली आहे. तो मऊ पडदा आखडून वडीसारखा घट्ट झाला होता.

"हे काम तू करू नकोस," मॅडम म्हणाल्या.

मी केलं. काप नेहमीसारखेच सरळ, पातळ निघाले, याचंच नंतर फार दिवस वाईट वाटत राहिलं.

सलाईनमधून औषधं सुरू झाली. ताईचे केस गेले, तोंड आलं, पाण्यालासुद्धा पत्र्याची चव येते म्हणायची. त्यातल्या एका बऱ्या दिवशी तिने मला सांगितलं, "मला ती स्लाइड बघायची आहे."

"कशाला गं ताई?"

"पोरांना इतकी वर्षं कांद्याची साल दाखवली सूक्ष्मदर्शकाखाली. माझं पोट मला बघू दे की."

मॅडम आधी नाही म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःची खुर्ची तिला दिली. डोक्यावरचा पदर सावरत ताई वाकली आणि डोळे भिंगाला लावून बघत राहिली.

"जांभळे पुंजके दिसतायत. तोच का, कॅन्सर?"

"हो."

"आणि भोवती हे गुलाबी धागे? हेही त्याचेच?"

"नाही, ते तुमचे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या चांगल्या पेशींनी विणलेले. शरीराला वाटतं इथे जखम झाली आहे. मग ती भरायला या पेशी धावतात, धागे घालतात, नव्या रक्तवाहिन्या आणतात. गाठ त्याच्यावरच पोसली जाते. पोटातल्या पाण्यातून गाठीची सुटी पेशी चरबीवर येऊन चिकटते, पण आजूबाजूच्या पेशींनी थारा दिला नाही तर ती वाढायची नाही. त्या का थारा देतात, हे आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही."

ताईने डोकं वर केलं. "म्हणजे माझं शरीर मला वाचवायलाच धडपडतंय."

मॅडमनी मान डोलावली. ताईने चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता ती कोसळेल. पण रिक्षात ती एवढंच म्हणाली, "माझ्या सासूबाई म्हणतात, मूल झालं नाही म्हणून पोटाने सूड घेतला. तसं नाही तर." आणि मग ती रडली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि गाडी हळू घेतली.

मधले काही महिने बरे गेले. डोक्यावर कुरळे, बाळासारखे केस आले. जूनमध्ये ती शाळेतही गेली, खुर्चीत बसून शिकवायची. पण पुढच्या थंडीत पोटात परत पाणी भरलं. काढलं की दोन आठवड्यांत पुन्हा तेवढंच. शेवटी डॉक्टरांनी दाजींना बाहेर बोलावलं. दाजी परत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि तिचे पाय चेपत राहिले.

ती वणीला, स्वतःच्या घरी गेली. बागेत काढणी चालू होती. ती गेल्याचा निरोप मिळून मी पोचले तेव्हा अंगणात शाळेतली मुलं ओळीने बसली होती, कुणी सांगितल्याशिवाय.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालही मागे पडलं होतं, मॅडम एका परिषदेहून आल्या आणि चहा पिता पिता सांगू लागल्या. आता संशोधक नुसत्या गाठीच्या मागे नाहीत, भोवतालच्या पेशींचाही अभ्यास करतायत. तो थाराच बंद करता येईल का, बघतायत. औषध अजून लांब आहे, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी दाजींना फोन लावला आणि जमेल तसं सांगितलं. मला वाटलं, त्यांना कळलं नसावं.

"ती असती ना," ते म्हणाले, "तर उद्याच फळ्यावर काढून पोरांना शिकवलं असतं तिनं. लय खूश झाली असती."